डुकराचे केस, टेरिलीनचे केस आणि अण्णांचा डावा गाल

गेली तीन वर्षं एक दिवसाआड सकाळी मी अण्णांची दाढी करतो. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ८२, आणि तीन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला त्यात डावी बाजू गेली. डावा हात, डावा पाय आणि चेहऱ्याचीही डावी बाजू. बोलणं जड झालं पण डोकं शाबूत आहे, उजवा हात एकदम ठणठणीत आहे, आणि आयुष्यभर रोज दाढी केलेला माणूस असल्यामुळे खुंट वाढले की ते अस्वस्थ होतात, हाताने सारखे गाल चाचपत बसतात. म्हणून हे काम मी घेतलं. आणि या कामातून मला दाढीच्या ब्रशचं वेड लागलं, वेड हाच शब्द बरोबर आहे, कारण गेल्या तीन वर्षांत मी या एका वस्तूचा जितका विचार केलाय तितका घर घेतानासुद्धा केला नव्हता.

आधी माझं सांगतो. मी स्वतः वीसेक वर्षं फोमवाला. डबा दाबायचा, हातावर फेस घ्यायचा, तोंडाला फासायचा, दोन मिनिटांत दाढी आणि भांडुपहून ७:४२ ची लोकल. ब्रश घरात होता तो अण्णांचा, आंघोळीच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टीलच्या पेल्यात उभा असायचा, क्रीम रंगाची प्लास्टिकची मूठ आणि वर पिवळट पांढऱ्या राठ केसांचा झुपका, त्यातले निम्मे गळून गेलेले. हॉस्पिटलातून त्यांना घरी आणलं तेव्हा पहिल्या दाढीला मी माझाच फोम लावला. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, डॉक्टरांनी बजावलं होतं की कापू नका, रक्त थांबायला वेळ लागेल. आणि कापलंच. गळ्याजवळ दोन ठिकाणी, सैल पडलेल्या कातडीत ब्लेड अडकलं. तुरटी दाबून धरली तरी दहा मिनिटं रक्त येत होतं आणि मी हात थरथरत तिथे उभा.

तेव्हा कळलं की फोम नुसता वर बसतो. म्हातारा केस, आठ-दहा दिवस वाढलेला, तारेसारखा कडक, त्याला पाणी प्यायला वेळ लागतो. केस पाणी प्यायला की फुगतो, मऊ होतो, आणि मग ब्लेड त्यातून सहज जातं. हे काम ब्रश करतो. ब्रश गोल फिरतो तेव्हा तो केस उभे करतो, साबणाचा फेस केसाच्या मुळाशी नेतो आणि वर पाण्याची एक गादी तयार करतो ज्यावरून ब्लेड घसरतं. हे सगळं अण्णांना माहीत होतं, मला पन्नाशीत शिकावं लागलं.

मग ब्रश आणायला गेलो. माझं ऑफिस मशीद बंदरला, तिथून अब्दुल रहमान स्ट्रीट आणि क्रॉफर्ड मार्केट चालत दहा मिनिटं, लंच टाइममध्ये होऊन जातं. त्या गल्ल्यांत सलूनच्या सामानाची दुकानं आहेत, खुर्च्या, कात्र्या, मशिनी, पावडरचे डबे, आणि ब्रशचे खोकेच्या खोके. एका दुकानात वयस्कर चाचा बसतात, मी ब्रश मागितला तर त्यांनी आधी विचारलं, ‘बाल कौनसा चाहिये?’ मी म्हटलं, म्हणजे? तर त्यांनी तीन ब्रश काउंटरवर ठेवले आणि सांगितलं की हा सुअरचा, हा घोड्याचा, हा नायलॉनचा, आणि लोक घ्यायच्या आधी हटकून एवढंच विचारतात की सुअरचा नाही ना.

मला एकदम लालबागची आमची चाळ आठवली. आमच्या शेजारचे काका माळकरी होते, साताऱ्याकडचे, दरवर्षी वारीला जायचे. त्यांच्या ब्रशवर इंग्रजीत ‘प्युअर ब्रिसल’ असं छापलेलं होतं आणि काकांनी तो दहा-बारा वर्षं वापरला होता. ब्रिसल म्हणजे डुकराच्या पाठीवरचा राठ केस, हे त्यांना कोणीतरी सांगितलं आणि त्या दिवसापासून काकांनी ब्रशला हात लावला नाही, साबण हातानेच चोळायचे. पुढे नायलॉनचा ब्रश मिळायला लागला तेव्हा त्यांनी तो आणला. आपल्याकडे अशी कितीतरी घरं असणार जिथे देवघरासमोरून जाताना हा ब्रश हातात असायचा आणि कोणाला पत्ता नव्हता. काकांचा तो चेहरा मला अजून आठवतो, त्यांना खरंच लागलं होतं ते.

तर चाचांकडून मी सिंथेटिक घेतला. पण तो जुना नायलॉन नाही. जुना नायलॉनचा ब्रश म्हणजे सरळसोट ताठ काड्या, पाणी एका बाजूने घेतलं की दुसऱ्या बाजूने सोडून देणारा, गालाला टोचणारा आणि मधोमध खड्डा पडणारा. हल्लीच्या सिंथेटिकचा धागा वेगळा असतो. एक तर तो खूप बारीक असतो, टोकाकडे निमुळता होत जातो म्हणून टोकं रेशमासारखी लागतात, आणि चांगल्या ब्रशमध्ये धाग्याला किंचित लाटेसारखा बाक दिलेला असतो, त्यामुळे धागे एकमेकांना चिकटून बसत नाहीत, मध्ये पोकळी राहते आणि त्या पोकळीत पाणी आणि फेस धरून ठेवला जातो. धागा स्वतः पाणी पीत नाही, दोन धाग्यांच्या मधल्या जागेत ते अडकून राहतं. घरी आणून मी पहिल्यांदा क्रीम घेऊन फिरवला आणि अक्षरशः वीस सेकंदांत वाटी फेसाने भरली. भिजवत ठेवायची भानगड नाही, वास नाही, केस गळत नाहीत, धुऊन झटकला की दोन तासांत कोरडा. मी एवढा खूश झालो की बायकोला बोलावून दाखवलं.

अण्णांच्या गालावर फिरवला. ते डोळे मिटून बसले होते. उजव्या गालावर फिरवला, गळ्यावर, हनुवटीवर, मग डाव्या गालावर. डाव्या गालावर आलो तसे त्यांनी डोळे उघडले आणि माझा हात धरला.

‘ह्यो नको माका,’ अण्णा म्हणाले. घरात आम्ही मराठी बोलतो पण आजारपणानंतर अण्णांची मालवणीच जास्त बाहेर येते.

म्हटलं, ‘का हो अण्णा? किती मऊ आहे बघा.’

‘कायच लागणा नाय.’

मला वाटलं सवय नाही म्हणून. म्हटलं होईल सवय. पण त्यांनी माझ्या हातातून ब्रश घेतला आणि उजव्या हाताच्या अंगठा आणि बोटांत झुपका धरून चोळला, हळूहळू, मुळापासून टोकापर्यंत, दोन-तीनदा. हे चोळणं मी ओळखतो. अण्णा गिरणीत साचेखात्यात होते, सतरा-अठरा वर्षं मागावर काम केलं, ८२ च्या संपापर्यंत. लहानपणी आईने दुकानातून कापड आणलं की अण्णा असंच अंगठ्याखाली चोळायचे आणि सांगायचे सुती आहे की भेसळ. आताही त्यांनी चोळला आणि म्हणाले, ‘ह्यां टेरिलीन आसा.’

मी हसलो नाही कारण मला माहीत होतं की या बाबतीत अण्णा चुकत नाहीत. नंतर शोधलं तर खरंच, चांगल्या सिंथेटिक ब्रशचा धागा बहुतेक वेळा पीबीटी नावाच्या प्लास्टिकचा असतो, ते पॉलिएस्टरच्याच घराण्यातलं, टेरिलीनचा सख्खा चुलतभाऊ म्हणा. बोटांनी कळलं त्यांना, चाळीस वर्षांनी.

आणि मग सगळं गिरणीच्या भाषेत मला स्वच्छ समजायला लागलं. सुती धागा साध्या हवेतलं सुद्धा साधारण ८ टक्के पाणी ओढून घेतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणून पावसात सुती शर्ट लवकर वाळत नाही आणि टेरिकॉटचा वाळतो. केस म्हणजे लोकरीसारखा, केराटिनचा, तो सुतापेक्षाही जास्त पाणी पितो. डुकराचा केस गरम पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवला की कडकपणा सोडतो, जड होतो, पाणी आत घेऊन बसतो आणि मग साबणावर फिरवला की ते पाणी थोडं थोडं सोडत जातो. सिंथेटिक सगळं पाणी एकदम देतो. म्हणून नवशिक्याच्या हातून सिंथेटिकचा फेस भसाभसा वर येतो पण हवेने फुगलेला, मोठ्या बुडबुड्यांचा, गालावर दोन मिनिटांत वाळून जाणारा. ब्रश आधी चांगला झटकून, मग थेंब थेंब पाणी घालत फिरवला तर तोच फेस दह्यासारखा घट्ट होतो. हे मला कळायला महिना लागला, चूक ब्रशची नव्हती.

पाण्याचंही सांगायला हवं कारण ते कोणी बोलत नाही. मुंबईला महापालिकेचं पाणी सात तलावांतून येतं, तानसा, भातसा, वैतरणा वगैरे, पावसाचं साठवलेलं पाणी, मऊ. आमच्या भांडुपलाच तर ते शुद्ध करायचं अवाढव्य संकुल आहे. या पाण्यात कुठलाही साबण कुठल्याही ब्रशने फेस देतो. पण मे महिन्यात सोसायटीत टँकर आला, म्हणजे बोअरचं पाणी आलं, की त्यातल्या कॅल्शियमबरोबर साबणाचा चोथा होतो, वाटीच्या कडेला राखाडी थर बसतो आणि फेस मरतो. तोच साबण, तोच ब्रश, तोच मी. एका मेमध्ये मी उगाच एक चांगला ब्रश खराब ठरवून बाजूला टाकला होता, जूनमध्ये पाऊस पडला आणि नळाला तलावाचं पाणी आलं तेव्हा सहज वापरून बघितला तर छान चालला. तेव्हापासून टँकरच्या दिवसांत मी पिण्याचं फिल्टरचं एक भांडं पाणी दाढीला घेतो. बायको काही म्हणत नाही, तिने रक्त आलेलं बघितलंय.

तर अण्णांना केसांचाच ब्रश हवा होता. मी म्हटलं मग सगळ्यात चांगला आणू. माझ्या ऑफिसातले एक सीनियर आहेत, त्यांच्या जावयाने लंडनहून त्यांना बॅजरच्या केसांचा ब्रश आणला होता, त्यांनी मला तो तळहातावर फिरवून दाखवला. खरं सांगतो, तसं काही मी त्याआधी कधी अनुभवलं नव्हतं. टोकं मऊ, पण मागे एक कणा असतो, दाबलं तर परत उभा राहतो, आणि पाणी धरून ठेवायची ताकद जबरदस्त. बॅजर हा बिळात राहणारा प्राणी, त्याच्या केसावर पांढरा, काळा, परत पांढरा असे पट्टे असतात, आणि जगभरात दाढीच्या ब्रशला लागणारा हा केस बहुतेक चीनमधून येतो. किमती हजारांत. मी त्या मोहात पडलो आणि शहरातल्या एका दुकानातून, दुकान कुठलं ते सांगत नाही, ‘प्युअर बॅजर’ म्हणून साडेतीन हजारांचा एक ब्रश आणला. दाढीच्या वस्तूवर एवढे पैसे मी आयुष्यात घातले नव्हते.

अण्णांनी परत अंगठ्याखाली चोळला. थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, ‘जाळून बघ.’

गिरणीतली ही जुनी परीक्षा. धागा जाळायचा. सुती असेल तर कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते, लोकर किंवा केस असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि काळा कोळसा बोटांत चुरगळतो, आणि टेरिलीन असेल तर आगीपासून आधी आखडतं, वितळतं, आणि टोकाला कडक मणी तयार होतो जो चुरगळत नाही. मी झुपक्यातून एक केस ओढून काढला, देवघरातली काडेपेटी आणली. अण्णांनी उजव्या हातात केस धरला, मी काडी लावली. केस आखडला, टोकाला इवलासा काळा मणी झाला. अण्णांनी तो अंगठ्याच्या नखाखाली दाबला, फुटला नाही. तो मणी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. वर काळे-पांढरे पट्टे रंगवलेले, आणि आत टेरिलीन.

दुकानात परत गेलो तर ते म्हणाले वापरलेला माल घेत नाही. साडेतीन हजार गेले. राग आला, अजूनही येतो, विशेषतः तो ब्रश तसा वाईट नाहीये म्हणून. सिंथेटिक म्हणून विकला असता तर मी आनंदाने योग्य किंमत दिली असती. खोटेपणा करायची काही गरजच नव्हती.

पण त्या निमित्ताने मी वाचायला लागलो आणि केसांच्या ब्रशमधली फसवणूक फार जुनी आहे हे कळलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरचे केस मिळेनात म्हणून घोड्याच्या केसांना रंग देऊन बॅजर म्हणून खपवायचे, आणि ते केस नीट निर्जंतुक न केल्यामुळे त्यातून अँथ्रॅक्स झाला, इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना आणि साध्या माणसांना सुद्धा, दाढी करताना झालेल्या बारीक कापातून. माणसं मेली त्यात. अँथ्रॅक्सचे जंतू बीजरूपात वर्षानुवर्षं टिकतात. आता केस प्रक्रिया करूनच येतात, तसा धोका राहिलेला नाही, पण त्या काळातला जुना ब्रश कोणाला आजोबांच्या पेटीत सापडला तर शोभेला ठेवा, तोंडाला लावू नका. आणि आपल्याकडचं एक. मुंगसाचे केस. चित्रकलेच्या ब्रशसाठी मुंगसं मारली जातात, वन्यजीव कायद्याने हे बंद आहे, २०१९ मध्ये ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावाने देशभर छापे पडले होते. म्हणून कोणी ‘खास नॅचरल हेअर’ म्हणालं की कुठल्या प्राण्याचा ते विचारा, आणि उत्तर नीट आलं नाही तर घेऊ नका. बॅजर मी आता घेणार नाही, खराखुरा मिळाला तरी. जंगली जनावर मारून माझ्या गालाला काय मिळणार आहे, जे सिंथेटिक देत नाही? मऊपणात आजचा चांगला सिंथेटिक बॅजरच्या अगदी जवळ पोचलाय हे मी दोन्ही हातात घेऊन सांगतो.

डुकराचा केस हे वेगळं प्रकरण आहे. तो मऊपणासाठी घ्यायचाच नसतो.

मी परत चाचांकडे गेलो. त्यांनी ब्रिसलचा साधा ब्रश काढून दिला, दोनशे रुपयांच्या आतला, लाकडी मूठ. घरी आणल्यावर आंघोळीच्या खोलीत ओल्या बकरीसारखा वास सुटला, मुलगी नाक दाबून बाहेर. शॅम्पूने धुतला, साबणाचा फेस करून रात्रभर तसाच ठेवला, असं रोज. पहिल्या आठवड्यात दहा-बारा केस गळाले, मग थांबले. आणि तिसऱ्या आठवड्यानंतर एक गोष्ट झाली जी मी भिंग घेऊन बघितली. डुकराच्या केसाला टोकाशी फाटे फुटतात. एका राठ केसाचे टोकाला दोन, तीन, चार बारीक तंतू होतात, झाडूचा हीर पिंजल्यासारखे. मूळ राठच राहतं, टोक मऊ होत जातं. म्हणजे हा ब्रश वापरून वापरून तयार होतो. सिंथेटिक पहिल्या दिवशी जसा असतो तसाच पाच वर्षांनी असतो. ब्रिसलला माणसाच्या हातांनी वळण लागतं. अण्णांचा जुना ब्रश मी भिंगाखाली धरला तर उरलेल्या केसांची टोकं अशी पिंजलेली होती की मोजताच येईनात, किती हजार सकाळी त्यात होत्या. गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी गॅलरीत खिळ्याला आरसा लटकवून, पितळी तांब्यात पाणी घेऊन ते दाढी करायचे. संप झाला, काम गेलं, तरी त्याच वेळेला उठून रोज दाढी करायचे, जायचं कुठेही नसताना. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, मला कळायचं नाही हे कोणासाठी नटतात.

एका रविवारी तो ब्रिसल चार मिनिटं गरम पाण्यात ठेवला, पाणी उकळतं घेऊ नका, मुळाशी केस धरून ठेवणारा गोंद सुटतो, आणि अण्णांच्या उजव्या गालापासून सुरू केलं. डाव्या गालावर आलो. अण्णांनी परत डोळे उघडले. मी थांबलो, म्हटलं आता हाही नको म्हणतात.

‘थोडा थोडा लागता,’ ते म्हणाले.

मला काय कळेना. मग त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट धरून तो ब्रश डाव्या गालाच्या हाडाजवळ नेला आणि तिथे फिरवायला लावला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डावा गाल बधिर होता. बोट लावलं तर त्यांना कळायचं नाही, जेवताना त्या बाजूला भात चिकटून राहायचा, माशी बसली तरी समजायचं नाही. इतके महिने मी जगातली मऊमऊ टोकं शोधत फिरत होतो त्या गालासाठी, आणि त्या गालाला मऊ काही पोचतच नव्हतं. राठ केस पोचला. सिंथेटिक फिरवताना अण्णांना अर्धाच चेहरा असायचा, ब्रिसलने उरलेला अर्धा थोडासा परत यायचा.

फिजिओला घरी येणाऱ्या ताईंना मी हे घाबरत घाबरत सांगितलं, वाटलं म्हणतील काहीतरी खुळ्यासारखं करताय. त्या उलट म्हणाल्या की संवेदना कमी झालेल्या भागावर वेगवेगळ्या पोताच्या वस्तू फिरवतात, टॉवेल, कापूस, ब्रश, ही पद्धतच आहे, फक्त कातडी सोलवटेल इतकं घासू नका आणि त्यांना डोळ्यांनी बघू दे, आरसा धरा. तेव्हापासून आम्ही आरसा धरतो.

मग दुसरा बदल अण्णांनीच केला. सिंथेटिकने वीस सेकंदांत फेस होतो हा मला फायदा वाटत होता. ब्रिसलला दीड-दोन मिनिटं फिरवत बसावं लागतं. एका सकाळी मी वाटीत ब्रश फिरवत होतो तर त्यांनी हात पुढे केला. वाटी त्यांच्या मांडीवर टॉवेलच्या खळग्यात बसवली, ब्रश उजव्या हातात दिला. त्यांनी फिरवला. आधी हळू, मग त्या जुन्या लयीत, मनगटातून, मधूनच ब्रशची टोकं पाण्यात बुडवून परत. फेस असा झाला की ब्रश उचलल्यावर त्याचं टोक वळून उभं राहिलं. आता फेस तेच करतात, लावतातही तेच. मी फक्त ब्लेड चालवतो. घरात त्यांच्या हाताने पूर्ण होणारं दिवसातलं हे एक काम आहे, ते मी वीस सेकंदांच्या ब्रशला देणार नाही.

पण मुंबई आहे ही. जून लागला की हवेत ८५-९० टक्के दमटपणा, दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत तिथे पाणी प्यालेला डुकराचा केस कसला वाळतोय. पहिल्या पावसाळ्यात त्या ब्रशच्या मुळाशी काळे ठिपके आले, कुबट वास यायला लागला, आणि रक्त पातळ असलेल्या, साखर असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला तो लावायची माझी हिंमत झाली नाही, टाकून दिला. त्याबद्दल मला कुठलीही शंका नाही, मुंबईच्या पावसाळ्यात ओल्या दाढीला सिंथेटिकच पाहिजे, कोणी काहीही सांगो. आता पेल्यात ब्रश उभा ठेवायचा नाही, आंघोळीच्या खोलीत तर नाहीच, झटकून, टॉवेलवर पुसून पंख्याखाली आडवा. उलटा टांगा की सुलटा ठेवा यावर लोक तावातावाने बोलतात, वारा लागला पाहिजे एवढंच खरं. सिंथेटिक पर्यावरणाला वाईट, प्लास्टिक आहे, हे मला मान्य आहे, पण एक ब्रश पाच-सात वर्षं चालतो आणि त्या काळात माझे फोमचे किती पत्र्याचे डबे कचऱ्यात गेले असते ते मी मोजलंय, वर्षाला सहा.

तर दोन पावसाळे झाले, आमच्याकडे असं चाललंय. नवीन ब्रिसल घेतला तो पावसाळ्यात कोरडाच ठेवतो, टीव्हीखाली सेट-टॉप बॉक्सवर, तो बॉक्स चोवीस तास कोमट असतो. सकाळी अण्णांना खुर्चीत बसवलं की आधी तो कोरडा ब्रश त्यांच्या हातात देतो. कोरडा केस ओल्यापेक्षा जास्त कडक. आरशात बघत ते तो डाव्या गालावर फिरवतात, गालाच्या हाडापासून सुरुवात, हळूहळू खाली, मिनिटभर. मग तो परत बॉक्सवर, आणि सिंथेटिकने फेस, पाणी थेंब थेंब घालत, त्यांच्याच हाताने. तो टेरिलीनचा ब्रशही आता ते मानतात, उजव्या गालावर आणि गळ्यावर, जिथे कातडी पातळ आहे आणि मी कापलं होतं, तिथे त्याच्याइतकं चांगलं काही नाही. गेल्या वर्षभरात एकदाही रक्त आलेलं नाही.

परवा बुधवारी सकाळी धो धो पाऊस होता, गाड्या उशिरा होत्या म्हणून मला घाई नव्हती. अण्णा कोरडा ब्रश फिरवत होते. गालाच्या हाडापासून खाली येत येत जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत आले, जिथे इतके दिवस काहीच नव्हतं, आणि थांबले. परत वर गेले, परत खाली आले. मग ब्रश तिथेच टेकवून आरशातून माझ्याकडे बघितलं.

‘हंयसर पण,’ अण्णा म्हणाले.

मी आरसा जरा खाली धरला.